पाणी द्यायचं की थांबवायचं? एका रात्रीची खाटेशेजारची सोनोग्राफी

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. हळवं भात कापून झालं होतं आणि वाड्यावाड्यांतून पेंढ्याचे भारे अंगणात, पडवीत रचले जात होते. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी दक्षिण कोकणातल्या आमच्या लहान मुलांच्या दवाखान्यात रिक्षातून एक ५ वर्षांची मुलगी आली. वजन १५ किलो. आजीने गोधडीत गुंडाळून मांडीवर धरलेली. मुलीची ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील गाळले आहेत, बाकी सगळं त्या रात्रीच्या केसपेपरवर आहे तसं लिहितो आहे.

"दोन दिस ताप हाय. आता गारच पडत चाललीय ओ बाय," आजी म्हणाली.

पाय गुडघ्यापर्यंत गार. कपाळावर आणि मानेवर घाम. नाडी मिनिटाला १६८, श्वास ४८, ऑक्सिजन ९१ टक्के, ताप ९९. नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परतायला ५ सेकंद. रक्तदाब ८८/७०. आईच्या पिशवीत दुपारचा लॅबचा रिपोर्ट होता: प्लेटलेट १ लाख १० हजार, म्हणजे कमी. त्याच वाडीतली दोन मुलं त्या आठवड्यात डेंग्यूने आमच्याकडे भरती होती.

बालरोगाचं काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून एकच शब्द सुचेल. तिसरा दिवस, ताप उतरता उतरता हातपाय गार, वरच्या आणि खालच्या रक्तदाबात फक्त १८ चा फरक. हा फरक २० किंवा त्याखाली आला की डेंग्यूचा शॉक समजून चालायचं, असंच आम्ही शिकलो आणि शिकवतो. डेंग्यूच्या शॉकवरचं औषध म्हणजे पाणी. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर गेलेलं असतं, ते सलाइनने भरून काढायचं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तेच केलं. सलाइन लागलं, किलोला २० मिली या हिशेबाने ३०० मिली भरभर द्यायचं ठरलं, आणि मी वरच्या खोलीतून खाली येईपर्यंत ६० मिली गेलंही होतं. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

मला खटकला तो श्वास. डेंग्यूच्या शॉकमध्ये मूल धापा टाकतं, ते रक्तात आम्ल साठतं म्हणून. अशा वेळी छाती बहुधा कोरडी वाजते. हिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तर पाठीमागे खाली दोन्ही बाजूंना बारीक करकर. मूल रडत होतं, शेजारच्या खाटेवर नेब्युलायझर चालू होता, त्यामुळे ऐकलं ते खरंच ऐकलं का, याची खात्री होईना. मी सलाइनचा चिमटा घट्ट केला आणि सोनोग्राफीचं मशीन ओढलं. ते खाटेपासून चार पावलांवर, प्लगमध्ये लावलेलं, चालू स्थितीत उभं असतं. याच चार पावलांसाठी हे सगळं लिहितो आहे.

सिस्टरनी जेलची बाटली आधीच काखेत धरून कोमट केली होती. गार जेल पोटावर पडलं की मूल अंग आखडतं, रडतं, आणि मग काही दिसत नाही. मुलीला आजीच्या मांडीवरच ठेवलं. छातीचं मधलं हाड संपतं तिथे, पोटाच्या वरच्या टोकाला, छोट्या तोंडाचा हृदयाचा प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) टेकवला. मोठ्या माणसात इथून हृदय नीट दिसेलच असं नाही. मुलांत मात्र यकृत मोठं, अंतर कमी, त्यामुळे हीच खिडकी सगळ्यात मोकळी.

निरोगी मुलाचा डावा कप्पा मूठ उघडावी आणि मिटावी तसा हलतो. पाणी कमी झालेल्या मुलात तर ती मूठ पूर्ण मिटते, आतल्या भिंती एकमेकींना भिडतात. हिची मूठ मिटतच नव्हती. कप्पा फुगलेला आणि भिंती नुसत्या थरथरत होत्या. प्रोब थोडा वळवून हृदयाकडे येणारी मोठी नीला पाहिली, तीही तुडुंब भरलेली, श्वासाबरोबर जरासुद्धा आकसत नव्हती. मग छाती. फुप्फुसाच्या आवरणाची चकाकती रेघ दिसते, आणि निरोगी फुप्फुसात तिच्याखाली तशाच आडव्या रेघांच्या सावल्या. हिच्या छातीत त्या रेघेपासून पडद्याच्या तळापर्यंत उभ्या पांढऱ्या धारा उतरत होत्या, दोन्ही बाजूंना, पावसात कौलांवरून पागोळ्या गळाव्यात तशा. फुप्फुसात पाणी भरत चाललं होतं. शेवटी पोट: पित्ताशयाची भिंत पातळ, पोटात पाणी नाही, छातीच्या पोकळीत पाणी नाही. डेंग्यूत पाणी झिरपलं असतं तर ते इथेच कुठेतरी साठलेलं दिसलं असतं.

११ वाजून ५२ मिनिटांनी सलाइन बंद केलं.

पाणी कमी पडलेलं नव्हतंच. पंप, म्हणजे हृदयच, निकामी होत होता. उरलेले २४० मिली गेले असते तर सगळे फुप्फुसात उतरले असते.

आता प्रश्न, धडधाकट पोरीचं हृदय अचानक असं का थकावं? ऑक्टोबर, कोकण, पेंढा. मी आजींना विचारलं, रात्री झोपली कुठे होती?

"पडवीत, माज्याजवल. धाच्या सुमारास रडत उठली. गोधडी झटकली, काय दिसला नाय. म्हटलं तापात घाबरली आसंल."

पायाची बोटं विस्फारून पाहिली. अंगठ्याच्या शेजारी एक ठिपका, बघायचंच ठरवलं तरच दिसेल इतका. त्यावर हळूच टिचकी मारली तशी मुलीने पाय झटकन ओढून घेतला. वडिलांनी घरी फोन लावला. शेजाऱ्यांनी बॅटरी घेऊन पडवी पालथी घातली आणि पंधरा मिनिटांत फोन आला. भाऱ्याखाली विंचू होता. तांबूस, बारीक नांग्यांचा आणि जाड शेपटीचा. काळ्या इंगळीला आपण घाबरतो, पण कोकणात जीव घेतो तो हा लाल विंचू.

त्याचं विष शरीरातल्या ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर आणतं. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, घाम सुटतो, हृदयावर ताण येऊन ते थकतं आणि मागे फुप्फुसात पाणी साचतं. वरवर पाहता मूल अगदी डेंग्यूच्या शॉकसारखंच दिसतं. मुलग्यांमध्ये लिंगाला येणारा ताठरपणा ही खूण डॉक्टरला जागं करते, मुलीत ती खूणही नाही. शिवाय विष जोरात भिनलेलं असताना डंखाच्या जागी वेदना उलट कमीच असू शकते. आणि या मुलीला खरोखरचा एक साधा विषाणूताप दोन दिवस होताच, त्याने आम्हाला डेंग्यूच्या वाटेवर नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली.

पुढचं उपचाराचं गणित कोकणात तरी नव्याने मांडावं लागत नाही, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी मांडून ठेवलं आहे. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचवाने चावलेली मुलं डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली, एकेका रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी केल्या, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी या विषाच्या परिणामावर नेमकी लागू पडते हे १९८० च्या दशकात दाखवून दिलं. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांत आधी २५ ते ३० टक्के दगावत, ते प्रमाण त्यांच्या नोंदींनुसार १ टक्क्याच्या खाली आलं. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागातल्या प्रत्येक डॉक्टरला ती आपल्या घरात आल्यासारखं वाटलं.

मुलीला उशाकडून उंच केलं, नाकावाटे जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन सुरू केला. किलोला ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा जवळजवळ अर्धा भाग पाण्यात विरघळवून नळीतून दिला आणि दर ३ तासांनी पुन्हा. गोळी साधीच हवी, हळूहळू विरघळणारी एक्सएल गोळी तोडून चालत नाही. अशा गोष्टी रात्री बाराला कुणाला आठवतील याचा भरवसा नाही म्हणून आम्ही साध्या गोळ्यांची पट्टी इमर्जन्सीच्या ट्रेमध्येच ठेवतो. हृदयाला जोर यायला डोब्युटामिन, सोबत प्रतिविष. पहाटे ३ ला पुन्हा प्रोब लावला तेव्हा पागोळ्या तेवढ्याच, पण भिंती थोड्या जवळ येऊ लागलेल्या. सकाळी ८ ला डाव्या बाजूच्या पागोळ्या विरळ. दुसऱ्या रात्री डोब्युटामिन बंद. पाचव्या दिवशी मुलगी घरी गेली, आणि तीन आठवड्यांनी केलेली टूडी इको (हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) नॉर्मल आली.

हे मशीन चार पावलांवर का आहे, ते आता सांगतो.

त्याआधी काही वर्षं मी दुसऱ्या एका रुग्णालयात काम करत होतो. तिथे ७ वर्षांचा एक मुलगा अशाच गार हातपायांनी आला. सोनोग्राफीचं मशीन वरच्या मजल्यावर, खोलीला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते डॉक्टर सकाळी ९ ला येणार. मी अंदाजाने पाणी दिलं. अर्ध्या तासात तोंडावाटे गुलाबी फेस आला. मोठ्या शहराकडे नेताना घाटात तो गेला. सलाइनचा वेग मी सांगितला होता आणि ती चूक माझी आहे. कुलपाचा उल्लेख करतो तो जबाबदारी झटकायला नाही. पण कुलूप होतं, आणि आजही कितीतरी ठिकाणी आहे.

अंदाजाने दिलेलं पाणी मारक ठरू शकतं, हे केवळ विंचवापुरतं नाही. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,१४१ आजारी मुलांवर झालेल्या फीस्ट या चाचणीत भरभर सलाइन दिलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्क्यांच्या आसपास ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. तिथली मुलं, तिथले आजार वेगळे, ते आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण 'शॉक दिसला की पाणी' हे डोळे मिटून करायचं काम नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं. डोळे उघडायचं साधन म्हणून मी या मशीनकडे बघतो.

मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा कंपनीच्या माणसाने डेमो दिला तो आमच्या धडधाकट वॉर्डबॉयवर. चित्र फार सुंदर. मी म्हटलं, आता ८ महिन्यांच्या बाळावर दाखवा. मोठ्यांच्या पोटाचा रुंद, बाकदार प्रोब बाळाच्या दोन फासळ्यांवर आडवा पडला आणि पडद्यावर नुसत्या काळ्या सावल्या आल्या. लहान मुलांच्या इमर्जन्सीसाठी मशीन घेणाऱ्यांनी पडद्याच्या आकारावर पैसे घालण्याआधी प्रोब बघावेत. आम्ही दोन घेतले. एक छोट्या तोंडाचा, मुलांच्या हृदयासाठीचा. दुसरा सपाट, जास्त मेगाहर्ट्झचा, म्हणजे जास्त कंपनांच्या ध्वनिलहरींचा. तो खोलवर पोचत नाही, पण वरवरचं फार स्पष्ट दाखवतो आणि मुलांत बहुतेक सगळं वरवरच असतं. फुप्फुसाचं आवरण, शीर शोधणं, गळू आहे की नुसती सूज, आतड्यात आतडं शिरलं आहे का, सगळं त्यानेच. पैसे उरले असते तर तान्ह्या बाळांसाठी छोटा बाकदार प्रोब घेतला असता, तो अजून राहिला आहे.

फोनला जोडायचा खिशात मावणारा प्रोबही आम्ही वापरून पाहिला. किंमत पुष्कळ कमी, चित्र पुरेसं. तरी नाही घेतला. एक तर सलग वापरला की तो तापतो आणि थांबतो, आणि फोनची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. दुसरं कारण कायद्याचं.

सोनोग्राफी म्हटलं की महाराष्ट्रात पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा, आलाच, आणि तो यायलाच हवा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या राज्याने केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत ६ वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, आणि बीड जिल्ह्यात ८०७. ज्या मशीनने मी या मुलीला वाचवलं, तशाच मशीनने तिच्या वयाच्या कितीतरी मुली जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नाहीत. त्यामुळे या कायद्याच्या कागदांना 'कटकट' म्हणणं मला जमत नाही.

आमच्याकडे गरोदर बाई येतच नाही, मग नोंदणी कशाला, असं सहकाऱ्यांना वाटत होतं. कायदा रुग्णाचं वय विचारत नाही. गर्भाचं लिंग ओळखू शकेल असं कुठलंही यंत्र त्यात येतं, आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी ते विकणंही गुन्हा आहे. हलवता येणारं मशीन नोंदणी झालेल्या वास्तूच्या आत, तिथे भरती असलेल्या रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. खिशातला प्रोब चुकून कुणाच्या बॅगेतून घरी गेला तरी सगळं रुग्णालय अडचणीत येईल, आणि तसं व्हायलाही पाहिजे. म्हणून चाकांच्या गाडीवरचं मशीन.

जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात मी चार वेळा गेलो. मशीन कोण हाताळणार, त्यांचं शिक्षण आणि प्रशिक्षण काय, कुठल्या खोलीत राहणार, सगळं आधीच लेखी विचारून घेतलं आणि तसंच अर्जात लिहिलं. पाच वर्षांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आहे. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत अहवाल जातो. मशीन किंवा माणूस बदलायचा तर आधी कळवायचं. यात काहीच अशक्य नव्हतं. लोक कायद्याच्या भीतीने मशीन कुलपात ठेवतात. मला उलट वाटतं, नोंदणी नीट केलेली असेल तरच ते खाटेशेजारी निर्धास्त ठेवता येतं.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण रात्री त्याच नडतात. फुप्फुस बघताना चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर बंद ठेवायचे, नाहीतर मशीन पागोळ्याच पुसून टाकतं. पावसाळ्यात वीज जाते म्हणून बॅटरी किती वेळ चालते ते महिन्यातून एकदा प्लग काढून पाहायचं. प्रोबची वायर गाडीच्या चाकाखाली जाऊ द्यायची नाही. स्पिरिटने प्रोबचं तोंड पुसायचं नाही, काही प्रोबांचा पडदा त्याने तडकतो. कंपनीने सांगितलेलंच द्रावण, आणि ते प्रत्येक मुलानंतर. सकाळी सिस्टर जेल लावलेल्या प्रोबच्या तोंडावरून यू-पिनची कड सरकवतात. पिन सरकते तशी पडद्यावर तिची रेघ सरकली पाहिजे. मध्येच कुठे रेघ नाहीशी झाली तर तिथला स्फटिक मेला असं समजायचं. एकदा तशी सापडली आणि त्या आठवड्यात आम्ही कुणाचंही हृदय त्या प्रोबने पाहिलं नाही.

आणि या मशीनचं सगळंच खरं मानू नये. पागोळ्या न्यूमोनियातही दिसतात, बहुधा एकाच बाजूला. डेंग्यूतही क्वचित हृदयाला सूज येते. त्या रात्री पोटात थोडं पाणी दिसलं असतं तर माझा निर्णय इतका सोपा झाला नसता. मी रेडिओलॉजिस्ट नाही. खाटेशी उभं राहून मी मोजके प्रश्न विचारतो: हृदय दाबतंय का, नीला भरलेली आहे का, फुप्फुस ओलं आहे का, नको तिथे पाणी आहे का. त्यापलीकडचं सकाळी जाणकाराला दाखवतो.

अजूनही एक गोष्ट सुटलेली नाही. मशीन चोवीस तास जागेवर असलं तरी ते वाचणारे आम्ही दोघंच आहोत. मी वरच्याच मजल्यावर राहतो म्हणून त्या रात्री निभावलं, मी गावाला गेलो असतो तर काय, हा विचार मनातून जात नाही. म्हणून रात्रपाळीच्या त्याच डॉक्टरांना शिकवणं सुरू आहे. त्यांचं प्रशिक्षण आणि कागदपत्रं पूर्ण होऊन नाव रीतसर नोंदलं जाईपर्यंत त्या माझ्या शेजारी उभ्या राहून माझ्या आधी चित्र वाचतात, वहीत लिहितात, आणि मग आम्ही ताडून पाहतो. प्रत्येक प्रकारची किमान २५ चित्रं वाचून झाल्याशिवाय थांबायचं नाही, असं ठरलं आहे. आज सकाळी त्यांच्या वहीत सतरावं हृदय लिहिलं गेलं.